डॉ. जानकी अम्माळ : वनस्पतींचे गोत्र शोधणारी विदुषी

पांढुर्णा-सौंसरकडच्या माणसाला संत्र्याचे झाड ओळखायला कोणी शिकवावे लागत नाही. जंभेरीच्या रोपावर संत्र्याचा डोळा बांधताना इथला शेतकरी या दोन झाडांचे नाते गृहीतच धरतो. पण लिंबू, संत्रे, मोसंबी, पपनस यांच्या या गणात एकूण जाती किती, असा प्रश्न शास्त्रज्ञांपुढे आला तेव्हा अमेरिकेच्या स्विंगल यांनी १६ मोजल्या आणि जपानच्या तानाका यांनी १६२! दोघेही थोर अभ्यासक. केवळ पान, फूल, फळ यांच्या बाह्य रूपावर विसंबले की असे मतभेद होणारच. या रूपाच्या आत, पेशीतील गुणसूत्रांपर्यंत जाऊन वनस्पतींचे गोत्र शोधणाऱ्या भारतीय शास्त्रज्ञांत डॉ. ई. के. जानकी अम्माळ यांचे नाव अग्रभागी आहे.

त्यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८९७ रोजी केरळातील तेल्लिचेरी येथे झाला. वडील न्यायखात्यात होते. त्यांना बागेचा व निसर्गनिरीक्षणाचा छंद होता. तो वारसा या मुलीने उचलला. बहिणींची एकामागून एक लग्ने होत असताना जानकीबाईंनी मात्र शिक्षणाची वाट धरली आणि त्या आजन्म अविवाहित राहिल्या. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून १९२१ साली वनस्पतिशास्त्राची ऑनर्स पदवी घेतल्यावर काही काळ त्यांनी अध्यापन केले. पुढे बार्बर शिष्यवृत्ती मिळवून त्या अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात गेल्या आणि १९३१ मध्ये डॉक्टर ऑफ सायन्स झाल्या. भारतात त्या काळी स्त्रियांना अक्षरओळखही दुर्मिळ होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या यशाचे मोल कळते.

१९३४ ते १९३९ या काळात त्यांनी कोईमतूरच्या ऊस पैदास केंद्रात काम केले. आपला देशी ऊस काटक, पण गोडीला कमी. गोड जातींसाठी परदेशाकडे पाहावे लागे. जानकीबाईंनी उसाचा संकर त्याच्या रानटी भाऊबंदांशी, इतकेच नव्हे तर मका आणि बांबू यांच्याशीही घडवून आणला आणि त्या संकरांतील गुणसूत्रे मोजली. नदीकाठी माजणारे कांस हे गवत उसाचेच सगोत्र आहे व त्याचे मूळ भारतात आहे, हेही या अभ्यासातून पुढे आले. मात्र स्त्री असणे आणि त्या काळी खालची मानलेली जात, या दोन्हींमुळे त्यांना तेथे उपेक्षा सोसावी लागली.

१९४० मध्ये त्या लंडनच्या जॉन इनेस संस्थेत रुजू झाल्या. महायुद्धातील बॉम्बवर्षावातही सूक्ष्मदर्शकावरचे काम थांबले नाही. सी. डी. डार्लिंग्टन यांच्यासह लिहिलेला, लागवडीखालील वनस्पतींच्या गुणसूत्रांचा कोश १९४५ साली प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या अभ्यासकांना आधारभूत ठरला. पुढे विस्ली येथील रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या बागेत त्यांनी कॉल्चिसीन या द्रव्याच्या साहाय्याने मॅग्नोलियाच्या रोपांतील गुणसूत्रे दुप्पट केली. मॅग्नोलियाच्या एका वाणाला त्यांचेच नाव दिलेले आहे.

स्वतंत्र भारतात पंडित नेहरूंनी त्यांना परत बोलावले. १८९० साली स्थापन झालेल्या भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेची पुनर्रचना करावयाची होती. आपल्या रानांतील असंख्य नमुने क्यू येथील संग्रहालयात जाऊन पडले होते. आपल्याच वनस्पतींची ओळख पटवायला आपल्याला लंडन गाठावे लागे. ही परवशता संपावी, हा जानकीबाईंचा ध्यास होता. १९५४ नंतर संस्थेची पुणे, कोईमतूर, शिलाँग, डेहराडून येथे मंडळे उभी राहिली. पण प्रमुखपद मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातील फादर सांतापाव यांच्याकडे गेले. खंडाळ्याच्या वनस्पतींवरील त्यांचे काम मोलाचेच आहे. तरी युरोपीय परंपरेत घडलेल्या व्यक्तीची ही निवड जानकीबाईंना रुचली नाही. मनाजोगे झाले नाही म्हणून त्यांनी काम मात्र सोडले नाही.

१९५५ मध्ये प्रिन्स्टन येथे मानवाने पृथ्वीत घडविलेल्या बदलांवर परिषद भरली. तिच्यात भाग घेणाऱ्या त्या एकमेव स्त्री. अधिक धान्याच्या ओढीत होणारी जंगलतोड त्यांना दिसत होती आणि आदिवासींचे वनस्पतिज्ञान त्या शास्त्राइतकेच मोलाचे मानीत. जम्मू, ट्रॉम्बे अशा ठिकाणी काम करून १९७० पासून त्या मद्रासला स्थायिक झाल्या. १९७७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. केरळातील सायलेंट व्हॅलीचे अरण्य जलविद्युत प्रकल्पात बुडणार असे दिसताच, ऐंशीच्या घरातील या बाईंनी तेथील वृक्षांच्या गुणसूत्रांचे सर्वेक्षण हाती घेतले. ७ फेब्रुवारी १९८४ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते अरण्य राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाले. केंद्र सरकारने १९९९ साली वनस्पती-वर्गीकरणासाठी त्यांच्या नावे राष्ट्रीय पुरस्कार सुरू केला.

विद्यार्थी मित्रांनो, वर्गीकरण म्हणजे परीक्षेपुरते पाठ केलेले लॅटिन शब्द नव्हेत. ज्याचे नाव व नाते ठाऊक नाही, ते नाहीसे झाले तरी कळत नाही. छिंदवाड्याच्या पाताळकोटात भारिया बांधव आजही जडीबुटी ओळखतात; जाम नदीच्या काठी, आपल्या शेतांच्या बांधांवर कितीतरी रोपे निनावी उभी आहेत. हर्बेरियमच्या वहीत एखादे पान चिकटविताना ते कोठे मिळाले, केव्हा मिळाले आणि गावकरी त्याला काय म्हणतात, एवढे जरी आपण नीट टिपून ठेवले, तरी जानकीबाईंच्या कामाला आपला हात लागला असे म्हणता येईल.