लोहाराचा मुलगा – मायकेल फॅरडे

मित्रांनो, आमच्या आजोबांच्या सायकलला डायनॅमो आहे. सायकल पळते तोवर दिवा लागतो, थांबली की विझतो. असे का, हे मी दादाला विचारले. दादा शाळा सोडून सायकलच्या दुकानात काम करतो. त्याने एक जुना डायनॅमो खोलून दाखवला. आत एक चुंबक आणि तांब्याच्या तारेचे वेटोळे. सेल नाही की काही नाही! मग वीज येते कुठून? हे कोडे ज्यांनी सोडवले त्या मायकेल फॅरडे यांची माहिती मी सांगणार आहे.

फॅरडे यांचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी इंग्लंडमध्ये लंडनजवळ झाला. वडील लोहारकाम करीत. ते सारखे आजारी असत, त्यामुळे घरी फार ओढाताण होई. मायकेल यांना लिहिणे, वाचणे आणि थोडे गणित एवढेच शिक्षण मिळाले. तेराव्या वर्षी ते एका पुस्तकविक्रेत्याकडे पोऱ्या म्हणून लागले. पुढे तिथेच सात वर्षे पुस्तक बांधणी शिकले. बांधायला आलेली पुस्तके ते नुसती शिवत नसत, वाचून काढत. विश्वकोशातला विजेवरचा लेख वाचून त्यांना शास्त्राचे वेडच लागले.

१८१२ साली एका गिऱ्हाइकाने त्यांना हंफ्री डेव्ही या नामवंत शास्त्रज्ञाच्या व्याख्यानांची तिकिटे दिली. फॅरडे यांनी टिपणे घेतली, ती नीट लिहून, स्वतः बांधून डेव्ही यांना पाठवली. लगेच काम मिळाले नाही. पण मार्च १८१३ मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनच्या प्रयोगशाळेत ते मदतनीस म्हणून लागले.

१८२० साली डेन्मार्कच्या ओर्स्टेड यांनी दाखवले होते की तारेतून वीज गेली की जवळची चुंबकसुई हलते. म्हणजे विजेपासून चुंबकत्व मिळते. मग चुंबकापासून वीज का मिळू नये? फॅरडे यांनी पुष्कळ प्रयोग केले, पण बरीच वर्षे यश आले नाही.

२९ ऑगस्ट १८३१ रोजी त्यांनी एका लोखंडी कड्यावर तारेची दोन वेगवेगळी वेटोळी गुंडाळली. एकाला बॅटरी जोडली. दुसऱ्या वेटोळ्याची तार सुईवरून नेली होती. बॅटरी जोडताच सुई हलली की! पण लगेच जागेवर आली. बॅटरी काढताना पुन्हा हलली. मधल्या वेळेत गप्प! ऑक्टोबरमध्ये त्यांनी पोकळ वेटोळ्यात चुंबक आतबाहेर केला. चुंबक हलताना वीज, थांबला की वीज बंद. चुंबकत्व नुसते असून चालत नाही, ते बदलले पाहिजे, हे आता कळले. यालाच विद्युतचुंबकीय प्रवर्तन म्हणतात.

आता दिवा का विझतो ते समजले ना? चाकाबरोबर चुंबक फिरतो, म्हणून वीज तयार होते. चाक थांबले की चुंबक थांबतो. कोयनेच्या वीजघरात पाण्याच्या जोराने फिरणारी अजस्र यंत्रेही याच नियमावर वीज देतात.

फॅरडे यांनी मुलांसाठी नाताळात सोपी व्याख्याने दिली. सर ही पदवी त्यांनी नाकारली. २५ ऑगस्ट १८६७ रोजी ते वारले.

दुकानात काम करणाऱ्याला शास्त्र कशाला हवे, असे दादा नेहमी म्हणायचा. हा लेख मी त्याला वाचून दाखवला. तो काहीच बोलला नाही. पण दुसऱ्या दिवशी त्याने तो डायनॅमो पुन्हा जोडून, त्याला एक छोटा एलईडी दिवा लावून मला शाळेसाठी दिला. भित्तिपत्रकाखालच्या टेबलावर तो ठेवला आहे. मित्रांनो आणि पालकांनो, त्याची चाकी जोरात फिरवून बघा आणि मग थांबवा.

अशा या थोर शास्त्रज्ञास माझे वंदन!