कोटणिसांची न घेतलेली पदवी

पुण्यात वाढलेली माझी पुतणी एम.बी.बी.एस. झाली आणि सुटीत मैंदर्गीला आली. एम.डी. करावे की इथेच दवाखाना टाकावा, हा तिच्यापुढे प्रश्न. मला आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवले.

१९१० साली जन्मलेले कोटणीस मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाले. पदव्युत्तर शिक्षणाची तयारी चालू असतानाच, १९३८ मध्ये काँग्रेसने चीनला पाठविलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात ते गेले. पदवी राहिली, शिकणे राहिले नाही. ते चिनी भाषा शिकले. १९४० च्या एका लढाईत त्यांनी ७२ तास न झोपता शस्त्रक्रिया केल्या. १९४१ मध्ये ते बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख झाले, विद्यार्थ्यांना शिकवू लागले. ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराने त्यांचे निधन झाले, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी.

मग पुढचे शिक्षण व्यर्थ का? मुळीच नाही. ज्यांचे नाव त्या रुग्णालयाला होते, ते कॅनडाचे नॉर्मन बेथ्यून छातीच्या शस्त्रक्रियेतले तज्ज्ञ होते. ती विद्या त्यांनी थेट आघाडीवर नेली. एकाने पदवी सोडली, दुसऱ्याने मिळविली. रुग्णाजवळ मात्र दोघेही पोहोचले.

पुतणीला मी म्हटले, एम.डी. जरूर कर. पण आपल्या गावच्या आज्या दुखणे कन्नडमध्ये सांगतात. तो अभ्यास आजपासूनच सुरू कर.