आल्फ्रेड नोबेल : स्फोटाला लगाम घालणारा शास्त्रज्ञ

विद्यार्थी मित्रहो, नोबेल पारितोषिकाचे नाव तुम्ही ऐकले असेलच. परंतु ज्यांच्या संपत्तीतून ते सुरू झाले, त्या आल्फ्रेड नोबेल यांचे सारे आयुष्य स्फोटक द्रव्यांच्या सहवासात गेले, हे तुम्हांला ठाऊक आहे काय?

त्यांचा जन्म २१ ऑक्टोबर १८३३ रोजी स्वीडनमधील स्टॉकहोम येथे झाला. त्याच वर्षी वडिलांचे दिवाळे निघाले. पुढे १८४२ साली हे कुटुंब रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे गेले. तेथे आल्फ्रेड घरीच शिकले. सतराव्या वर्षी त्यांना पाच भाषा अवगत होत्या. विद्यापीठाची पदवी मात्र त्यांनी कधीच घेतली नाही.

लाकूड जळते ते हवेतील प्राणवायूवर. बंदुकीच्या दारूला तो सोऱ्यातून मिळतो, म्हणून ती बंद जागेतही पेटते. पण ती थराथराने जळत जाते. इटलीचे सोब्रेरो यांनी १८४७ मध्ये शोधलेल्या नायट्रोग्लिसरीनची गोष्टच निराळी. त्याच्या एकेका रेणूतच इंधन आणि प्राणवायू शेजारी शेजारी असतात. त्यातून आघाताची लाट सेकंदाला हजारो मीटर वेगाने धावते आणि निमिषार्धात द्रवाचा तप्त वायू होतो. त्या दाबाने खडक फुटतो. यालाच डिटोनेशन म्हणतात.

अडचण अशी, की हा द्रव हवा तेव्हा खात्रीने उडत नसे आणि नको तेव्हा साध्या हिसक्याने उडे. छोट्या स्फोटाच्या धक्क्याने मोठा स्फोट घडवावा, ही युक्ती नोबेल यांनी काढली. पहिला प्रश्न सुटला, दुसरा उरला. ३ सप्टेंबर १८६४ रोजी त्यांच्या कारखान्यात भीषण स्फोट झाला. वीस वर्षांचा धाकटा भाऊ एमिल आणि इतर काही जण त्यात दगावले. त्यानंतर वडिलांना पक्षाघात झाला. शहरात हे काम करण्यास बंदी आली. तेव्हा नोबेल यांनी सरोवरातील एका तराफ्यावर काम चालू ठेवले. अखेर तो द्रव सच्छिद्र मातीत जिरवला, की साध्या हिसक्याने उडत नाही, असे त्यांना आढळले. १८६७ साली त्यांनी पेटंट घेतलेले डायनामाइट ते हेच.

डायनामाइटने डोंगर फोडले. स्वित्झर्लंडमधील पंधरा किलोमीटरचा गोथार्ड बोगदा त्यानेच खोदला गेला. पण ते युद्धातही वापरले गेले. पालकहो, विद्या हे साधन आहे. त्याचा उपयोग कसा करावा, हे संस्कारांनी ठरते. ते मुलांना शिकविणे तुमच्या आमच्या हाती आहे.

नोबेल अविवाहित होते. १८९५ च्या मृत्युपत्रात त्यांनी बहुतेक संपत्ती मानवजातीचे कल्याण साधणाऱ्यांसाठी ठेवली आणि राष्ट्रीयत्वाचा विचार करू नये, असे बजावले. १० डिसेंबर १८९६ रोजी ते वारले. १९०१ पासून पारितोषिके सुरू झाली. १९७९ साली पाकिस्तानचे अब्दुस सलाम यांना भौतिकशास्त्रासाठी, तर १९९९ साली इजिप्तमध्ये जन्मलेले अहमद झेवैल यांना रसायनशास्त्रासाठी हा मान मिळाला.

विद्यार्थ्यांनो, त्या यादीची पुढची पाने अजून कोरी आहेत. अभ्यासाला लागा!