रुपयाचा अभ्यास

कार्डिफहून गाडीत बसलं की सुमारे दोन तासांत लंडन येतं. भीमराव आंबेडकर १९१६ साली तिथे आले, तेही थेट अमेरिकेतून, बोटीने. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये त्यांना अर्थशास्त्र शिकायचं होतं. पण पुढच्याच वर्षी बडोदा संस्थानाची शिष्यवृत्ती संपली. अभ्यास अर्धा टाकून त्यांना भारतात परतावं लागलं.

मग त्यांनी नाद सोडला का? छे! मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात ते शिकवू लागले. पगारातून पैसे साठवले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली. मित्र नवल भथेना यांनी उसने पैसे दिले. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले.

त्यांच्या प्रबंधाचा विषय होता रुपया! रुपयाचं मोल घसरलं की धान्य महागतं, पण मजुराची मजुरी लगेच वाढत नाही. म्हणून सरकारला हवे तितके रुपये काढता येऊ नयेत, असं त्यांनी मांडलं. परीक्षकांनी प्रबंध सुधारायला सांगितला. त्यांनी तो सुधारून पुन्हा दिला. १९२३ मध्ये त्यांना डी.एस्सी. ही पदवी मिळाली.

हेच आपले बाबासाहेब.

सांगा पाहू: बाबासाहेबांना अभ्यास अर्धा का सोडावा लागला? पुन्हा लंडनला जायला पैसे कुठून आले?