ज्योतिषी केप्लर आणि त्याचे गुरू

फलज्योतिष हे शास्त्र की थोतांड, हा वाद निघाला की दोन्ही पक्ष केव्हा ना केव्हा योहान्नेस केप्लरला साक्षीला बोलावतात. ग्रहगतीचे नियम शोधणारा हा थोर गणिती कुंडल्या मांडीत असे, हे एक पक्ष अभिमानाने सांगतो. तो उद्योग केवळ पोटासाठी होता, असे दुसरा बजावतो. दोन्ही विधाने अर्धसत्य आहेत. केप्लर ज्योतिषी होता आणि मनापासून होता. पण त्याचे ज्योतिष त्याच्या काळच्या इतर ज्योतिष्यांचे नव्हते. ते कोणत्या गुरूंकडून आले आणि त्या गुरूंची साथ त्याने कोठे सोडली, हे पाहिल्याखेरीज त्याची साक्ष ग्राह्य धरता येणार नाही.

२७ डिसेंबर १५७१ रोजी जर्मनीतील वाइल देर श्टाट या लहानशा गावी त्याचा जन्म झाला. बाप भाडोत्री सैनिक. तो पुढे घर सोडून गेला तो परतला नाही. १५७७ चा प्रसिद्ध धूमकेतू मुलाला दाखविला तो आईने. लहानपणी आलेल्या देवींनी त्याची दृष्टी मात्र अधू केली, म्हणजे आकाशाचे सूक्ष्म वेध घेण्याचा मार्ग त्याला बंदच झाला. ट्युबिंगेनच्या विद्यापीठात तो धर्मोपदेशक होण्यासाठी शिकत होता. तेथे मेस्टलिन या अध्यापकाने त्याला कोपर्निकसची सूर्यकेंद्री कल्पना समजावून दिली. पायथागोरस, प्लेटो आणि त्यांच्या परंपरेतील प्रॉक्लस यांच्या विचाराने दुसरी श्रद्धा दिली : विश्व भूमितीवर रचलेले आहे आणि ते सुसंवादी आहे. केप्लरचे पुढील सारे आयुष्य या श्रद्धेची कसोटी पाहण्यात गेले.

१५९४ मध्ये तो ऑस्ट्रियातील ग्राट्स येथे गणिताचा शिक्षक झाला. विद्यार्थी जेमतेम, पण वार्षिक पंचांग भाकितांसह तयार करणे हे नोकरीचेच काम होते. १५९५ च्या पंचांगात त्याने कडाक्याची थंडी आणि तुर्कांची स्वारी वर्तविली. दोन्ही गोष्टी घडल्या आणि तरुण शिक्षकाचा लौकिक झाला. त्या डोंगराळ सरहद्दीवर थंडी आणि तुर्क यांची अपेक्षा करण्यास ग्रहांची साक्ष लागत नव्हती, हे त्याच्या चाहत्यांच्या ध्यानात आले नसावे. त्याच वर्षी वर्गात फळ्यावर आकृती काढता काढता त्याला स्फुरले की, सहा ग्रहांच्या कक्षांमध्ये प्लेटोच्या परंपरेतील पाच नियमित घनाकृती बसविता येतील. १५९६ च्या ग्रंथात त्याने ही कल्पना मांडली. ती चुकीची होती. पण तिच्यामुळे टायको ब्राहीसारख्या वेधनिपुणाचे लक्ष त्याच्याकडे वेधले गेले. १६०० मध्ये धर्मांतर नाकारल्याबद्दल ग्राट्समधून हद्दपार झालेल्या केप्लरला प्रागमध्ये टायकोकडेच आश्रय मिळाला. पुढच्याच वर्षी टायको वारला आणि केप्लर सम्राट दुसऱ्या रुडॉल्फचा राजगणिती झाला.

याच सुमारास त्याने फलज्योतिषाचा अधिक भक्कम पाया शोधणारी एक पुस्तिका लिहिली. बारा राशी आणि बारा भावस्थाने हे माणसाने सोयीसाठी केलेले विभाग आहेत, निसर्गात त्यांना आधार नाही, म्हणून त्यांवर रचलेले बहुतेक फलित त्याला मान्य नव्हते. उरतात ते ग्रहांमधील कोन. हे कोन प्रभावी का, याचे उत्तर त्याने पुढे संगीतात शोधले. वर्तुळाचा निम्मा भाग घेतला की प्रतियोग होतो आणि तारेची लांबी निम्मी केली की वरचा षड्ज मिळतो. नवपंचम योगात षड्ज-पंचमाचे ३:२ हे प्रमाण आहे, केंद्रयोगात षड्ज-मध्यमाचे ४:३. सूर कानाला गोड लागतो तसा कोन पृथ्वीच्या आत्म्याला जाणवतो, असे त्याचे मत होते. म्हणजे त्याच्या ज्योतिषाची दीक्षा भूमितिकारांची होती, तशीच गायकवादकांचीही.

परंतु केप्लरला केप्लर केले ते या दीक्षेने नव्हे, तिला पडलेल्या तड्याने. मंगळाची कक्षा ठरविण्यासाठी त्याने वर्षानुवर्षे गणित केले. एक रचना टायकोच्या वेधांशी जवळजवळ जुळली. फरक उरला अवघ्या आठ कलांचा, म्हणजे एका अंशाच्या सातव्या भागाहूनही कमी. दुसऱ्या कोणीही तो पोटात घातला असता. टायकोचे वेध इतके चुकणार नाहीत, हे ओळखून केप्लरने स्वतःची रचनाच मोडली आणि तिच्याबरोबर दोन हजार वर्षांची वर्तुळाची परंपराही. ग्रह लंबवर्तुळात फिरतात, हे १६०९ च्या ग्रंथाने जगाला सांगितले.

मग हीच कसोटी त्याने फलज्योतिषाला लावली काय? काही अंशी लावली. हवामानाच्या नोंदी तो वर्षानुवर्षे ठेवी आणि ग्रहयोगांशी ताडून पाही. पण पाऊस, वारा, गारवा यांपैकी काही ना काही कोणत्याही योगाला सापडतेच. तेथे रचना मोडून टाकणाऱ्या आठ कला नव्हत्या. ही त्याची मर्यादा मानली पाहिजे. राजकारणात मात्र तो सावध होता. १६११ मध्ये रुडॉल्फचे आसन डळमळले, तेव्हा सम्राटाच्या कानांपासून ज्योतिष दूर ठेवावे, असा सल्ला राजगणित्यानेच एका पत्रातून दिला.

अदृश्य प्रभावांवरील विश्वास केवढा घातक ठरू शकतो, हे त्याला घरातच पाहावे लागले. १६१५ मध्ये त्याच्या वृद्ध आईवर चेटकाचा आरोप आला. १६१७ मध्ये तिच्यासाठी केलेल्या प्रवासात त्याने वाचायला घेतले होते ते गॅलिलिओच्या वडिलांचे, व्हिन्चेन्झो गॅलिली या वादकाचे, संगीतावरील पुस्तक. मे १६१८ मध्ये ग्रहांचा प्रदक्षिणाकाल आणि सूर्यापासूनचे अंतर यांना जोडणारा तिसरा नियम त्याला गवसला. विश्वाच्या सुसंवादावरील त्याचा ग्रंथ १६१९ मध्ये निघाला. पुढच्या वर्षी आईला अटक झाली. ती चौदा महिने कैदेत होती. आजारांना नैसर्गिक कारणे असतात, हे दाखवीत केप्लरने तिचा बचाव उभा केला आणि १६२१ मध्ये तिला सोडविले. काही महिन्यांतच ती वारली.

सेनापती वॉलेनस्टाइनच्या कुंडलीची गोष्ट श्रद्धाळू मंडळी आवडीने सांगतात. केप्लरचे भविष्य १६३४ पाशी थांबले आणि त्याच वर्षी वॉलेनस्टाइनचा खून झाला, हे खरे. मात्र १६०८ च्या मूळ कुंडलीतील सालांशी प्रत्यक्ष घटना जुळत नव्हत्या, म्हणून ती सुधारून द्यावी लागली आणि तपशीलवार भाकिते मागण्याबद्दल केप्लरने त्याला फटकारले, हेही तितकेच खरे.

थकलेले पैसे वसूल करण्यासाठी रेगेन्सबुर्गला गेलेला केप्लर १५ नोव्हेंबर १६३० रोजी तेथेच मरण पावला. युद्धात त्याची कबरही नाहीशी झाली. पण त्याचे एक भाकीत अजून फळायचे होते. आपल्या ग्रहकोष्टकांवरून त्याने बुधाचे सूर्यबिंबावरील अधिक्रमण वर्तविले होते. ७ नोव्हेंबर १६३१ रोजी गासेंदी याने पॅरिसमध्ये ते प्रत्यक्ष पाहिले. हे भाकीत खोटे ठरण्याची पूर्ण शक्यता होती, म्हणूनच ते खरे ठरण्याला मोल आहे.

आजच्या दृक्‌प्रत्ययी पंचांगातील ग्रहस्थिती ज्या गणिताने निघते, त्याच्या मुळाशी केप्लरचे नियम आहेत. त्या ग्रहस्थितीपुढे लिहिलेल्या फलिताची हमी मात्र ते नियम देत नाहीत. गुरूंनी दिलेली दृष्टी त्याने जन्मभर जपली. पण वेधांनी जेथे तिला खोटे ठरविले, तेथे त्याने वेधांचे ऐकले. केप्लरची साक्ष ज्यांना हवी असेल, त्यांनी त्याच्या कुंडल्या मोजण्याऐवजी आपल्या श्रद्धेच्या हिशेबात पोटात घातलेल्या आठ कला शोधाव्यात.