दादासाहेब फाळके : कोडिंग नसलेल्या काळात वर्कफ्लो उभा करणारा नाशिककर

नो-कोड म्हणजे कोड न लिहिता तयार ठोकळे जोडून ॲप किंवा ऑटोमेशन बनवणं. गुगल फॉर्म भरला, शीटमध्ये नोंद झाली, ग्राहकाला मेसेज गेला, की झाला तुमचा वर्कफ्लो. कॉम्प्युटर नसतानाही एका नाशिककराने असंच, तयार यंत्रं जोडून, अख्खा वर्कफ्लो उभा केला होता. ते म्हणजे दादासाहेब फाळके.

सुरुवात कुठून झाली?

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि बडोद्याच्या कलाभवनात ते शिकले. फोटोग्राफी केली, पुरातत्त्व खात्यात नोकरी केली, छापखाना काढला, पण भागीदारांशी पटलं नाही. १९११ मध्ये मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा सिनेमा पाहिला आणि आपल्या पुराणातल्या गोष्टी पडद्यावर आणायच्या, हे मनाने घेतलं. सतत सिनेमे पाहून आणि जागरणं करून डोळे इतके बिघडले की काही काळ दिसेनासं झालं. बरे होताच विम्याची पॉलिसी गहाण ठेवून १९१२ मध्ये त्यांनी लंडन गाठलं.

कॅमेरा त्यांनी स्वतः बनवला नाही, विल्यमसन कंपनीचा विकत घेतला. फिल्मला भोकं पाडायचं यंत्रही मागवलं. त्यांची खरी कमाल ही सगळी यंत्रं एका ओळीत जोडण्यात होती.

आधी डेमो

घरी आल्यावर थेट मोठा सिनेमा काढला नाही. कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभर रोज थोडंथोडं चित्रण केलं. पडद्यावर मिनिटभरात रोप वाढताना दिसलं! आज फोनमधलं टाइम-लॅप्स एका टॅपवर होतं, तिथे ट्रिगर म्हणजे स्वतः फाळके. हा डेमो दाखवूनच पुढचं भांडवल मिळालं. बाकीच्या खर्चासाठी पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने दिले.

घरातला वर्कफ्लो

कोरी फिल्म आली की अंधारात भोकं पाडायची, कॅमेऱ्यात भरायची, शूटिंग करायचं, फिल्म धुवायची, प्रिंट काढायची, तुकडे जोडायचे. एका फुटात १६ फ्रेम आणि प्रत्येक फ्रेमच्या दोन्ही कडांना चार-चार भोकं, म्हणजे फुटामागे १२८. ‘राजा हरिश्चंद्र’ सुमारे ३,७०० फुटांचा होता. म्हणजे एका प्रतीतच साडेचार लाखांच्या वर भोकं! भोकं वाकडी पडली तर पडद्यावर चित्र थरथरणार. हे किचकट काम सरस्वतीबाई शिकल्या, वर सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही सांभाळला. ३ मे १९१३ रोजी सिनेमा मुंबईत झळकला.

नाशिक आणि पुढची अडचण

त्याच वर्षी फाळक्यांनी बिऱ्हाड नाशिकला हलवलं. १९१८ मध्ये भागीदार घेऊन इथेच हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी सुरू झाली. पैसा आला, तसे मतभेदही आले. फाळके कंपनी सोडून काशीला गेले, काही वर्षांनी परतले. मग बोलपट आला. त्यांचा सगळा वर्कफ्लो मूकपटासाठी बसवलेला होता. ‘सेतुबंधन’ला आवाज मागाहून जोडावा लागला. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा शेवटचा सिनेमा. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्येच त्यांचं निधन झालं.

आपण काय घ्यायचं?

टूल कुणालाही विकत मिळतं, पण कामाचा क्रम स्वतःलाच माहीत असावा लागतो. समजा, ताईच्या पापडाच्या ऑर्डर ऑटोमेट करायच्यात. आधी ऑर्डर ते डिलिव्हरी प्रत्येक पायरी कागदावर लिहा. एकाच ऑर्डरवर करून बघा, मग झॅपियर किंवा मेक उघडा. आणि तो कागद जपून ठेवा. उद्या टूल बंद पडलं किंवा महाग झालं, तर नवीन टूलवर सगळं त्याच्यावरूनच बसवता येईल.