मास्टर दीनानाथ आणि त्यांची नाट्यपदे

गोमंतकाने मराठी रंगभूमीला दिलेल्या गायक-नटांच्या थोर मालिकेत मास्टर दीनानाथ मंगेशकर यांचे स्थान अनन्यसाधारण आहे. २९ डिसेंबर १९०० रोजी फोंडा महालातील मंगेशी येथे त्यांचा जन्म झाला. सुरांचा वारसा मातोश्री येसूबाईंकडून आणि गायनाचे पहिले धडे बाबा माशेलकर यांच्याकडून त्यांना लाभले. बालवयातच ते किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले आणि १९१८ साली चिंतामणराव कोल्हटकर व कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह त्यांनी बळवंत संगीत मंडळीची स्थापना केली.

आरंभी गडकऱ्यांच्या ‘भावबंधन’मधील लतिकेसारख्या स्त्रीभूमिका त्यांनी गाजविल्या; परंतु त्यांच्या तेजस्वी गळ्याला खरा वाव मिळाला तो पुरुषभूमिकांत. रामकृष्णबुवा वझे यांच्या तालमीने त्यांच्या गायकीला बळ दिले. वीर वामनराव जोशी यांचे ‘रणदुंदुभि’ (१९२७) आणि स्वातंत्र्यवीर सावरकरांचे ‘संन्यस्त खड्ग’ (१९३१) या नाटकांच्या पदांना वझेबुवांच्याच चाली होत्या. १९११ साली किर्लोस्कर मंडळीने रंगभूमीवर आणलेल्या ‘मानापमान’ची पदे गोविंदराव टेंबे यांच्या चालींनी सर्वतोमुखी झालेली होती. तरीही दीनानाथांनी धैर्यधराची पदे आपल्या स्वतंत्र ढंगाने गाण्याचे धाडस केले आणि रसिकांनी त्यांचे मनःपूर्वक स्वागत केले.

त्या काळी नाटकातील पद किती वेळ चालावे, हे बव्हंशी प्रेक्षकच ठरवीत. ‘वन्समोअर’च्या गजरात एकेक पद पुनःपुन्हा रंगे आणि प्रयोग उत्तररात्रीपर्यंत लांबे. ध्वनिमुद्रिकेचा हिशेब मात्र अगदी निराळा होता. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या लाखेच्या तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटांत संपे. तेवढ्या अवधीत बंदिशीचा मुखडा, अंतरा, ताना आणि समेवरचे येणे सारे साधावे लागे. कित्येक गायकांची गायकी या चौकटीत कोंडल्यासारखी होई. दीनानाथांच्या गायकीचा पिंडच चपळ होता. पंजाबी अंगाच्या मुरक्या, एका स्वरावरून दूरच्या स्वरावर घेतलेली अनपेक्षित झेप आणि विजेसारखी लखलखून जाणारी तान यांमुळे त्यांना थोडा अवकाशही पुरे. ‘मानापमान’, ‘रणदुंदुभि’ व ‘संन्यस्त खड्ग’ यांतील त्यांच्या मुद्रित पदांत काहीतरी राहून गेल्याची रुखरुख श्रोत्याला वाटत नाही.

पुढे बोलपटांचे युग आले. दीनानाथांनीही चित्रपटनिर्मितीत उडी घेतली आणि १९३४ साली ‘कृष्णार्जुन युद्ध’ पडद्यावर आणले. पण त्यात यश लाभले नाही. नाटक मंडळी मोडली, वैभव ओसरले, प्रकृतीही खालावली. २४ एप्रिल १९४२ रोजी पुणे येथे, वयाच्या अवघ्या एकेचाळिसाव्या वर्षी, त्यांची प्राणज्योत मालवली. थोरली कन्या लता त्या वेळी अवघी बारा वर्षांची होती.

रंगमंचावरचे गाणे पडद्याबरोबर विरून जाते. बळवंत मंडळीचे पडदे, पोशाख आणि ते जागते प्रेक्षक सारे काळाच्या उदरात गेले. उरल्या त्या मोजक्या तबकड्या. ज्यांनी दीनानाथांचे एकही नाटक पाहिले नव्हते, त्या पिढ्यांनी त्यांवरूनच त्यांची गायकी ओळखली. वसंतराव देशपांडे यांच्यासारख्या समर्थ गायकाने ती आत्मसात करून पुढे नेली. अल्पायुषी कलावंताच्या वाट्याला याहून मोठे संचित क्वचितच येते.